दुसरं चल आलं की काय बदलतं: अनेक संमिश्र चलांच्या संशोधनाकडे वळताना

एम.एस्सी.ला संमिश्र विश्लेषणाचा पेपर झालेला असतो, रीमान मॅपिंग प्रमेयापर्यंत. तेवढ्या भांडवलावर अनेक चलांकडे येणाऱ्यांना वाटतं, आता झेडच्या पायाशी १, २ असे आकडे लागतील, बाकी तेच. कोशीचं सूत्र आणि घातमालिका खरंच तशाच चालतात. पण १९०६ मध्ये हार्टोग्सनं दाखवलेली गोष्ट एका चलात घडतच नाही: काही डोमेनांवरचं (खुल्या, जोडलेल्या संचांवरचं) प्रत्येक होलोमॉर्फिक, म्हणजे संमिश्र-विकलनक्षम, फलन आपोआप मोठ्या डोमेनवर विस्तारतं. विषयाची सुरुवात तिथून करावी, आणि वाचून नव्हे, कागदावर करून.

झेड आणि डब्ल्यू अशी दोन चलं घ्या, दोघांचं केवल मूल्य १ पेक्षा कमी. जिथे |झेड| १/२ पेक्षा जास्त नाही आणि |डब्ल्यू| १/२ पेक्षा कमी नाही, तो भाग काढून टाका. उरलेल्या संचावर एक होलोमॉर्फिक फलन आहे असं धरा. डब्ल्यू स्थिर ठेवून झेडच्या प्रतलात ३/४ त्रिज्येच्या वर्तुळावर कोशीचं इंटिग्रल लिहा. डब्ल्यू कुठलाही असो, हे वर्तुळ आपल्या संचातच राहतं, त्यामुळे |झेड| < ३/४ मध्ये सगळीकडे होलोमॉर्फिक फलन मिळतं. |डब्ल्यू| < १/२ असेल तेव्हा झेडची पूर्ण चकती संचात असते, म्हणून तिथे हे इंटिग्रल म्हणजे मूळ फलनच. आता एकरूपतेचं प्रमेय (आयडेंटिटी थिअरम) लावा: काढून टाकलेल्या भागावरही फलन पोचलं. यात एक पायरी बहुतेक जण गाळतात. जुन्या आणि नव्या फलनांचा सामाईक भाग जोडलेला आहे, हे तपासावं लागतं. इथे तो जोडलेला आहे. दुसऱ्या आकृतीत नसला तर निष्कर्षच कोसळतो.

यातून लगेच कळतं की दोन चलांत होलोमॉर्फिक फलनाला एकटा, सुटा शून्यबिंदू नसतो. असता, तर त्याच्या व्यस्ताचा विस्तार त्या बिंदूवरही झाला असता. १९०७ मध्ये प्वाँकारेनं दाखवलं की दोन चलांत गोल आणि द्विचकती (दोन चकत्यांचा गुणाकार) एकमेकांशी बायहोलोमॉर्फिक नाहीत, म्हणजे त्यांच्यात दोन्ही दिशांनी होलोमॉर्फिक अशी एकास-एक संगती नाही. म्हणजे छिद्र नसलेली डोमेनं चकतीसारखीच मानू देणारा रीमान मॅपिंगचा आधार गेला, आणि डोमेनची सीमा हाच अभ्यासाचा गाभा झाला. कोणत्या डोमेनवरची फलनं बाहेर विस्तारत नाहीत, हा लेव्हीचा प्रश्न ओकानं दोन चलांसाठी १९४२ मध्ये सोडवला. सर्व मितींत तो १९५३-५४ मध्ये ओका, ब्रेमरमन आणि नॉर्गे यांनी सोडवला. उत्तर: स्यूडोकॉन्व्हेक्स डोमेन.

स्यूडोकॉन्व्हेक्सची व्याख्या पाठ करून काही होत नाही, लेव्ही फॉर्म, म्हणजे सीमा ठरवणाऱ्या फलनाचा संमिश्र हेसियन, हातानं काढता आला पाहिजे. गुळगुळीत सीमेवर तो कुठेही ऋण नसला तर डोमेन स्यूडोकॉन्व्हेक्स, सगळीकडे धन असला तर काटेकोर स्यूडोकॉन्व्हेक्स. |झेड|² + |डब्ल्यू|⁴ < १ हे डोमेन घ्या. सदिश (अ, ब) असेल तर संमिश्र हेसियन (चलं आणि त्यांच्या संयुग्मींनुसार काढलेल्या दुसऱ्या विकलजांचा फॉर्म) |अ|² + ४|डब्ल्यू|²|ब|² येतो. नवखा विद्यार्थी इथेच थांबतो. पण हा फॉर्म फक्त संमिश्र स्पर्शिक सदिशांवर बघायचा असतो. डब्ल्यू = ० असलेल्या सीमेवरच्या बिंदूंवर असे सदिश (०, ब) हेच, आणि तिथे फॉर्म शून्य होतो. म्हणून हे डोमेन स्यूडोकॉन्व्हेक्स आहे, पण त्या वर्तुळावर काटेकोर स्यूडोकॉन्व्हेक्स नाही. तिथला टाइप, म्हणजे संमिश्र वक्र सीमेला जास्तीत जास्त किती कोटीपर्यंत चिकटतो तो आकडा, ४ आहे. डोमेन व्याख्यित करणारं फलन बदललं तर स्पर्शिक दिशांतला फॉर्म एका धन गुणकानं बदलतो. इतर दिशांतली किंमत मात्र वाटेल तशी हलते, तिच्यावर युक्तिवाद उभारू नका.

अशा डोमेनांचा एक साठा पहिल्या वर्षातच हाताखाली असावा. हार्टोग्स त्रिकोण, |झेड| < |डब्ल्यू| < १, स्यूडोकॉन्व्हेक्स आहे, तरी त्याच्या बंद रूपाच्या आसपास होलोमॉर्फिक असलेलं प्रत्येक फलन अख्ख्या द्विचकतीवर विस्तारतं. १९७३ चं कोन-निरेनबर्ग उदाहरण सांगतं की स्यूडोकॉन्व्हेक्स सीमा स्थानिक निर्देशक बदलूनही कॉन्व्हेक्स करता येईलच असं नाही. डीडरिश आणि फॉर्नेस यांचं १९७७ चं वर्म डोमेन सर्वांत शिकवणारं: सीमा गुळगुळीत, डोमेन स्यूडोकॉन्व्हेक्स, तरी १९९६ मध्ये क्राइस्टनं दाखवलं की त्याचं बर्गमन प्रोजेक्शन (वर्ग-समाकलनीय फलनांचं होलोमॉर्फिक फलनांवरचं लंब प्रक्षेपण) सीमेपर्यंत गुळगुळीत फलनांचा गुळगुळीतपणा राखत नाही. काटेकोर स्यूडोकॉन्व्हेक्स डोमेनांतले बायहोलोमॉर्फिक मॅप सीमेपर्यंत गुळगुळीत विस्तारतात, हे फेफरमनचं १९७४ चं प्रमेय का मौल्यवान आहे, ते या उदाहरणानंतर उमगतं.

पुढे वाटा फुटतात. डी-बार समीकरणाच्या (उजवी बाजू शून्य असली की ज्याचं उत्तर होलोमॉर्फिक फलन, त्या समीकरणाच्या) वाटेनं जायचं तर हिल्बर्ट अवकाश, अमर्याद ऑपरेटर, डिस्ट्रिब्युशन आणि विभेदक फॉर्म पक्के हवेत. हॉर्मांडरचे १९६५ चे एल-टू अंदाज वाचताना अडखळायची जागा ठरलेली आहे: डी-बार ऑपरेटरच्या अ‍ॅडजॉइंटचं डोमेन. गुळगुळीत फॉर्म त्यात असण्यासाठी सीमेवर एक अट पाळावी लागते, आणि व्याख्येत ती कुठेच दिसत नाही. खंडशः समाकलन करून सीमेवरचं पद स्वतः शोधा, मगच पुढे सरका. कोबायाशी मेट्रिकची, म्हणजे डोमेनमधल्या होलोमॉर्फिक चकत्यांनी अंतर मोजण्याची, वाट तुलनेनं लवकर उघडते. श्वार्ट्झ-पिक, नॉर्मल फॅमिली आणि थोडी मेट्रिक भूमिती एवढ्यावर प्रवेश होतो. बालोघ आणि बाँक यांनी २००० मध्ये काटेकोर स्यूडोकॉन्व्हेक्स डोमेन या मेट्रिकसाठी ग्रोमोव्ह-हायपरबोलिक (म्हणजे त्यातले सगळे त्रिकोण ठरावीक मर्यादेत बारीक) असल्याचं सिद्ध केलं. बेंगळुरूच्या आयआयएससीतले (भारतीय विज्ञान संस्थेतले) गौतम भराली यांनी अँड्र्यू झिमर यांच्यासोबत २०१७ मध्ये गोल्डिलॉक्स डोमेन, म्हणजे सीमेजवळ कोबायाशी मेट्रिकच्या वाढीवर अटी घातलेली डोमेनं, मांडली. जिओडेसिक (सर्वांत जवळच्या वाटा) आतल्या बाजूला वाकतात, ही व्हिजिबिलिटीची कल्पना तिथून पुढे खूप वापरली गेली. भारतात राहून काम करायचं असेल तर आमच्या मते हीच वाट आधी तपासावी. प्लुरिपोटेन्शियल सिद्धांत, सीआर भूमिती आणि संमिश्र डायनॅमिक्स हेही मोठे प्रांत आहेत.

प्रवेशासाठी नेहमीच्याच परीक्षा: नेट, गेट, एनबीएचएमची (नॅशनल बोर्ड फॉर हायर मॅथेमॅटिक्सची) शिष्यवृत्ती. हा विषय एम.एस्सी.च्या अभ्यासक्रमात क्वचितच असतो, त्यामुळे तो न शिकल्याचं दडपण नको. मुलाखतीत एका चलाचं विश्लेषण आणि मेझर थिअरी खोदून विचारतात. नॅशनल सेंटर फॉर मॅथेमॅटिक्सच्या पायाभूत शाळा यासाठी उपयोगी पडतात. संस्थेच्या नावावरून अर्ज करू नका. गणिताच्या विषय-वर्गीकरणात हा प्रांत ३२ क्रमांकाखाली येतो. संभाव्य मार्गदर्शकाचे गेल्या चार-पाच वर्षांतले पेपर अर्काइव्हवर (arXiv, पेपरांचा मोफत ऑनलाइन साठा) उघडा आणि त्यांत ३२ आहे का, बघा. एका पेपरची प्रस्तावना आणि पहिलं लेमा नीट समजून घेऊन, नेमका एक प्रश्न विचारणारी मेल लिहा.

संशोधन सुरू झाल्यावर प्रत्येक सिद्धतेला दोन चाचण्या लावा. मिती १ ठेवून वाचा: दोन किंवा अधिक मितींसाठीच खरा असलेला निष्कर्ष तिथेही 'सिद्ध' होत असेल, तर मितीची अट वापरलीच गेलेली नाही. मग तोच युक्तिवाद हार्टोग्स त्रिकोणावर चालवा. मूळबिंदूपाशी तो अडला, तर सीमेच्या गुळगुळीतपणाची अट कोणत्या ओळीत वापरली ते सापडतं, आणि ती ओळ प्रमेयाच्या विधानात लिहायची राहिली होती का, हेही.