इलेक्ट्रिक मोटार घेण्याआधी करावयाचा हिशेब

इलेक्ट्रिक मोटार परवडेल की नाही, हे शोरूमपेक्षा सोसायटीच्या पार्किंगमध्ये लवकर कळते. आपली जागा मीटररूमपासून किती लांब आहे, केबल कोणत्या मार्गाने नेता येईल आणि वीजबिलावर मंजूर भार किती किलोवॅट लिहिला आहे, हे आधी पाहावे. साध्या 15 अँपिअरच्या सॉकेटवरही मोटार रात्रभर सुमारे 3 किलोवॅटचा भार टाकते. म्हणून त्याच्यासाठी स्वतंत्र वायर, एमसीबी (भार वाढल्यास वीज तोडणारा स्विच), आरसीसीबी (वीजगळती होताच वीज तोडणारा स्विच) आणि चांगले अर्थिंग असल्याशिवाय चार्जिंग सुरू करू नये. एक्स्टेंशन बोर्ड तर मुळीच वापरू नये. सोसायटीची परवानगी लेखीच घ्यावी, कारण तोंडी होकार कमिटी बदलली की कोणाला आठवत नाही.

शहरात लहान मोटार एका युनिटमध्ये साधारण 7 किलोमीटर जाते आणि चार्जिंगमध्ये दहा टक्क्यांच्या आसपास वीज वाया जाते, म्हणजे महिन्याला 1000 किलोमीटर धावण्यास सुमारे 160 युनिट लागतात. बहुतेक लोक इथे बिलाचा सरासरी दर धरतात आणि फसतात. घरात आधीच 200 युनिट जळत असतील, तर महावितरणच्या टप्प्यांनुसार मोटारीचे पहिले 100 युनिट 101 ते 300 च्या टप्प्यात आणि उरलेले 60 त्यावरच्या महाग टप्प्यात पडतात. वाहन चार्जिंगसाठी दरांचा वेगळा वर्ग असल्याने स्वतंत्र मीटर घेणे स्वस्त पडते का, तेही तपासावे.

सगळे युनिट 15 रुपयांनी धरले तरी वीज 2400 रुपयांची होते. लिटरला 15 किलोमीटर जाणाऱ्या मोटारीला, 105 रुपयांच्या दराने, तेवढ्याच अंतरासाठी 7000 रुपयांचे पेट्रोल लागते. खरेदीच्या किमतीत 3 लाखांचा फरक असेल, तर तो साडेपाच वर्षांत भरून निघतो; महिन्याला 400 किलोमीटरच धावणाऱ्याला मात्र तेरा वर्षांहून अधिक काळ लागेल, आणि अशा माणसाने हौस म्हणून घ्यावी, बचत म्हणून नव्हे. घरी सोय नसल्यास फास्ट चार्जरच्या दरावर 18 टक्के जीएसटीही धरावा.

ऑइल बदलण्याचा खर्च नाही आणि थर्ड पार्टी विम्याच्या हप्त्यात सवलत आहे. टायर मात्र वजनामुळे लवकर झिजतात. बॅटरीची वॉरंटी बहुधा 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर असते. ती दुसऱ्या मालकालाही तशीच लागू होते का, हे बुकिंगची रक्कम भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.