दगड लंगडा फिरतोय? ड्रेसर उचलण्याआधी फ्लॅंज बघा

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं लेथचं लहानसं वर्कशॉप आहे. स्वतःचा आठ इंची ग्राइंडर, म्हणजे मोटरच्या दोन्ही टोकांना घासायचे गोल दगड असलेलं मशीन, तर दिवसभर चालू असतोच, शिवाय दुसऱ्यांचेही दुरुस्तीला येतात. तक्रार बहुतेकांची एकच असते, दगड लंगडा फिरतोय. त्याला जोडून निदानही तयार असतं, दगड खराब निघाला. मग एकतर नवा दगड येतो, नाहीतर ड्रेसर, म्हणजे दगडाची कड घासून गोल करायचं हत्यार, घेऊन आहे तोच दगड निम्मा घासला जातो, आणि लंगडणं काही जात नाही. माझं सांगणं एवढंच आहे की दगड क्वचित दोषी असतो. दोष असतो तो दगड ज्यावर बसतो आणि ज्यात आवळला जातो तिथे, म्हणजे फ्लॅंज (दगडाला दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या चकत्या), बुश (दगडाच्या भोकातली नळी) आणि शाफ्टच्या खांद्यात (आतला फ्लॅंज टेकतो ती पायरी). तो शोधायची पद्धत आहे आणि तिला महागडी हत्यारं लागत नाहीत.

हे काम ‘चालतंय तोवर चालवू’ म्हणून सोडायचं नाही. आपल्याकडे ५० हर्ट्झच्या विजेवर असा ग्राइंडर मिनिटाला साधारण २,८५० फेरे घेतो. आठ इंची, म्हणजे २०० मिमी दगडाची कड त्या वेळी सेकंदाला ३० मीटर, ताशी १०७ किलोमीटर वेगानं पळत असते. त्या वेगात दगडाचा तुकडा सुटला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. दुरुस्ती होईपर्यंत प्लग काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, येणारा-जाणारा कोणीही ते दाबतो.

आधी लंगडणं कोणतं आहे ते ओळखा. ग्राइंडरसमोर, पण दगडाच्या रेषेतून बाजूला उभं राहून चालू दगडाच्या कडेकडे बघा. २५ मिमी जाडीचा दगड २७-२८ मिमीचा दिसत असेल, कडा धूसर दिसत असतील, तर तो आडवा डुलतोय. कडा स्वच्छ दिसतात, पण जॉब, म्हणजे घासायची वस्तू, टेकवला की हाताला टकटक बसते, तर दगड उड्या मारतोय, म्हणजे गोलाईत आऊट आहे. ड्रेसर फक्त दुसऱ्या दुखण्यावर चालतो. आडवा डुलणारा दगड कितीही ड्रेस केला तरी डुलतच राहतो, कारण त्याची बैठकच तिरकी असते.

तिसरा प्रकार म्हणजे नुसती थरथर. बटण बंद करा आणि लक्ष द्या. वीज तुटताक्षणी थरथर थांबली, तर दुखणं मोटरच्या विजेच्या बाजूला आहे, ते वाइंडिंगवाल्याकडे न्या. वेग उतरत असतानाही थरथर राहिली, मध्येच एका वेगाला वाढून मग गेली, तर तोल बिघडलाय. पाय ढिले असले तरी असंच होतं, म्हणून बेंचचे बोल्ट आधी आवळून घ्या. ते न बघता मशीन खोलणारे बरेच आहेत.

आता दगड काढायचे. उजव्या बाजूच्या नटाला नेहमीचे आटे असतात, डावीकडच्या नटाला उलटे. डावा नट सोडवायला पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवावा लागतो. हे विसरून पाइप लावून जोर केला की आटे जातात किंवा शाफ्ट वाकतो. दगड अडवायला गार्डमध्ये, म्हणजे दगडावरच्या झाकणात, सळई घालू नका. चामडी हातमोज्यानं दगड घट्ट धरा आणि पान्याला एकच झटका द्या, नट सुटतो. गंजलेला असेल तर आटे भिजतील इतकंच तेल सोडून तासभर थांबा, पण तेल दगडाला लागू देऊ नका.

दोन्ही बाजूंचे दगड, फ्लॅंज, नट सगळं काढून मोटर रिकामी चालवा. शाफ्टवर सुटा नट ठेवून चालवायचं नाही. रिकामी मोटर शांत चालली तर मोठी शंका मिटली. तरीही थरथरली, घरघरली, तर बेअरिंग किंवा शाफ्ट. त्याकडे पुढे येतो.

काढलेला दगड लगेच परत बसवू नका, आधी वाजवून बघा. मधल्या भोकात बोट घालून दगड लटकता धरा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं, कडेपासून दीड-दोन इंच आत, उभ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर हलकं ठोका. मग दगड थोडा फिरवून परत ठोका. मडकं घेताना टिचकी मारून ऐकतो तसंच हे ऐकायचं. खणखणीत आवाज आला तर दगड पक्का. भद्द आवाज आला तर आत तडा आहे. त्या दगडाचे हातोडीनं दोन तुकडे करूनच टाका, नाहीतर दुसरा कोणी उचलून बसवेल. दगड कोरडा हवा, ओला दगड पक्का असूनही भद्द वाजतो. शिवाय ही परीक्षा बेंच ग्राइंडरच्या नेहमीच्या विट्रिफाइड (मातीच्या भांड्यासारख्या भाजलेल्या) दगडांची आहे, रेझिन बाँडचे (रेझिननं चिकटवलेले) दगड इतके स्वच्छ वाजत नाहीत.

पक्का दगड परत चढवा, नट हातानं बसेल तेवढाच आवळा आणि शाफ्टचं टोक, आतला फ्लॅंज, दगड या तिघांवर एका रेषेत खडूची खूण करा. डायल गेज (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक) असेल तर दगडाच्या बाजूला, कडेजवळ टेकवा. नसेल तर टूल रेस्टवर (जॉब टेकवायच्या पट्टीवर) क्लॅम्पनं एक टोकदार सळई अशी पक्की करा की ती दगडाला जेमतेम लागेल. दगड हातानं सावकाश फिरवा. सळई जिथे घासेल तो उंचवटा, तिथे खडूनं फुली.

यानंतरचं पाऊल लोक गाळतात आणि सगळं निदान त्यातच आहे. नट सोडा, फ्लॅंज आहे तसाच ठेवून फक्त दगड अर्धा फेरा फिरवा, पुन्हा आवळून बघा. उंचवटा दगडाबरोबर गेला, म्हणजे फुली होती तिथेच सळई घासली, तर दोष दगडाचा. उंचवटा जुन्या जागीच राहिला, म्हणजे आता दगडाची दुसरी बाजू घासतेय, तर दगड निर्दोष. मग फ्लॅंज शाफ्टवर अर्धा फेरा फिरवा. उंचवटा फ्लॅंजबरोबर हलला तर फ्लॅंज तिरका, शाफ्टबरोबरच राहिला तर शाफ्टचा खांदा किंवा शाफ्टच वाकडा. फ्लॅंज चावीवर (शाफ्टच्या खाचेतल्या पट्टीवर) बसत असेल तर ही दुसरी पायरी जमणार नाही, तेव्हा फ्लॅंज काढून थेट शाफ्टवरच डायल लावा. ०.०५ मिमीपर्यंत आऊट चालतो. त्याहून जास्त असेल तर शाफ्टचा विचार करावा लागतो.

गेल्या पावसाळ्यात शिरोळ भागातला एक तरुण फॅब्रिकेटर आठ इंची ग्राइंडर घेऊन आला. “मामा, दगडच खराब दिलाय बघा, बदलून आणला तरी तसाच नाचतोय.” दगड वाजवला, खणखणीत. आतला फ्लॅंज काढला आणि खांद्याला जिथे टेकतो तिथे नखानं चाचपलं, तर नखाला एक बर लागली. कधीतरी कोणीतरी छिन्नीनं फ्लॅंज उचकटला असणार, त्याची वर आलेली कड. डोळ्याला दिसतही नव्हती. पण हिशेब करा. खांद्याचा व्यास २५ मिमी आणि बर एक दशांश मिमीची असेल, तर २०० मिमी दगडाच्या कडेला ती आठपट होते, म्हणजे ०.८ मिमी आडवा नाच. बाहेरच्या बाजूला तर फ्लॅंजच नव्हता, तो हरवला म्हणून पत्र्याचा मोठा वायसर लावलेला. बारीक कानशीनं बर काढली, सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून फ्लॅंज घासला, बाहेरचा फ्लॅंज नवा करून दिला. तोच ‘खराब’ दगड सरळ फिरायला लागला.

वायसरची ती युक्ती मला अजिबात मान्य नाही. दोन्ही बाजूंचे फ्लॅंज एकाच व्यासाचे हवेत आणि तो व्यास दगडाच्या निदान एक तृतीयांश हवा: १५० मिमी दगडाला ५० मिमी, २०० मिमीला ६७ मिमीच्या खाली नाही. एक मोठा, एक लहान असला की आवळताना दगडाला वाकवायचा ताण येतो, आणि दगड वाकत नाही, तडकतो. त्याच कारणानं फ्लॅंज आणि दगडाच्या मध्ये एकाच बाजूला पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून डुलणं ‘सरळ’ करू नका. दिसायला सरळ होतं, आत ताण राहतो.

स्वस्त ग्राइंडरबरोबर पत्रा दाबून केलेले पातळ फ्लॅंज येतात. एकदा जोरात आवळले की वाकतात. माझा सल्ला, ते काढून टाका आणि लेथवाल्याकडून एमएसच्या (साध्या पोलादाच्या) गोल बारचे करून घ्या. त्याला असं सांगा: आठ इंचीसाठी व्यास ७० मिमी, भोक शाफ्टच्या मापानं, हातानं सरकेल पण हलणार नाही असं. भोक आणि दगडाकडचं तोंड एकाच बांधणीत काढायचं, जॉब सोडून उलटा बांधायचा नाही. खांद्याकडची बाजू मग मँड्रेलवर (भोकात घट्ट बसणाऱ्या दांड्यावर) काढायची. दगडाकडच्या तोंडावर कडेची ८-१० मिमी पट्टी सोडून मधला भाग मिलिमीटरभर खोल करायचा, म्हणजे फ्लॅंज फक्त बाहेरच्या कडेवर दगड धरेल. चांगला टर्नर हे काम सहज करून देतो, आणि असा फ्लॅंज ग्राइंडरच्या जन्माला पुरतो.

उड्या मारणाऱ्या दगडात पहिला संशय बुशवर. दगडाचं भोक बहुधा ३१.७५ मिमी म्हणजे सव्वा इंच असतं आणि आपला शाफ्ट त्याहून बराच बारीक. मधली जागा एकात एक बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या बुशांनी भरतात. प्रत्येक बुश थोडी थोडी ढिली, सगळ्या मिळून दगड केंद्रातून सरकतो. नायलॉनची किंवा ॲल्युमिनियमची एकसंध बुश करून घ्या. ती दगडात आणि शाफ्टवर हातानं सरकली पाहिजे. ठोकून बसवावी लागणारी बुश दगड फोडू शकते. बुशची लांबी दगडाच्या जाडीपेक्षा किंचित कमी ठेवा, नाहीतर फ्लॅंज दगडाऐवजी बुशलाच आवळतात.

रिकामी मोटर घरघरत होती त्यांच्यासाठी: शाफ्ट वर-खाली हलवून बघा, खेळ जाणवला तर बेअरिंग गेलं. लहान ग्राइंडरांत बहुतेक वेळा ६२०२ किंवा ६२०३ असतं, नंबर बेअरिंगवरच कोरलेला असतो, तोच आणा. बाजूचं झाकण उघडण्याआधी झाकण आणि बॉडीवर पंचनं खूण करा. जुनं बेअरिंग पुलरनं काढा, नवं बसवताना पाइप आतल्या रिंगवरच टेकवून ठोका. झाकणात लाटेसारखा पातळ वायसर असतो तो सांभाळा. तो गेला तर नवं बेअरिंगही खुळखुळतं. झाकणाचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा आणि शाफ्ट मोकळा फिरतोय ना ते प्रत्येक वेळी बघा. शाफ्टच वाकडा निघाला तर रोटर बदलणं बरं. प्रेसवर सरळ केलेल्या शाफ्टवर माझा भरवसा नाही.

आता परत जोडणी. खांदा, फ्लॅंज, दगडाच्या बाजू फडक्यानं कोरड्या पुसा. दगडाच्या दोन्ही बाजूंना कागदी चकती हवीच, फाटली असेल तर जाड ब्लॉटिंग पेपर फ्लॅंजहून किंचित मोठा कापून लावा. दगडावर लिहिलेला कमाल वेग मशीनच्या वेगापेक्षा जास्त आहे ना ते वाचा. नट आखूड पान्यानं, दगड सरकणार नाही इतकाच आवळा. नटाचे आटे चालण्यातच घट्ट होतील असे दिलेले असतात. गार्ड लावा, एक फेरा हातानं फिरवा, मग बाजूला उभं राहून एक मिनिट रिकामा चालू द्या.

ड्रेसरची पाळी आत्ता आली. चष्मा आणि मास्क लावा, सुती हातमोजे नकोत. चांदणी ड्रेसर (दातेरी चाकांचा) असेल तर टूल रेस्ट मागे घेऊन त्याचे पाय रेस्टच्या पुढच्या कडेला अडकवा आणि दगडाच्या पूर्ण जाडीभर एका गतीनं डावी-उजवीकडे न्या. डायमंड ड्रेसर असेल तर टोक किंचित खाली झुकवून अगदी हलका कट घ्या. टकटक थांबून सलग सरसर ऐकू आली की थांबा, त्यापुढे घासाल तेवढा दगड फुकट जातो. एवढं करून आडवा अर्धा मिमीपर्यंत डोल राहिला तर खुशाल काम करा, धार तर परिघावरच लावायची असते. पण अशा दगडाच्या बाजूवर जोर लावून घासायचं नाही.

शेवटी टूल रेस्ट दगडापासून एक सूत, म्हणजे ३ मिमीच्या आत आणा, वरची जीभ, म्हणजे गार्डच्या तोंडाची सरकती पट्टी, दोन सुतांच्या आत. दगड झिजेल तसं हे अंतर पुन्हा आत घ्यावं लागतं, आणि ते प्लग काढूनच. त्या दगडावर ॲल्युमिनियम, पितळ घासू नका, छिद्रं भरतात आणि तोल पुन्हा जातो. आमच्याकडे पावसाळ्यात पत्रा गळतो तिथे ग्राइंडर ठेवू नका. उभ्या दगडात पाणी खालच्या अर्ध्या भागात मुरतं आणि सकाळी चालू केल्यावर सरळ असलेला दगडही थरथरतो. तसं झालं तर काही खोलू नका, दगड काढून दोन दिवस कोरड्या जागी ठेवा, वाजवून बघा आणि मगच बसवा.