प्राथमिक शाळेत मुलांचं सकाळचं वार्तापत्र कसं सुरू करावं

गोव्यातल्या अनेक प्राथमिक शाळांत प्रार्थनेनंतर बातम्या वाचल्या जातात. एक मूल पुढे येतं, घरी कोणीतरी पेपरातून उतरवून दिलेल्या चार ओळी एका दमात वाचतं आणि रांगेत परत जातं. 'रेपो दर', 'शिष्टमंडळ' असले शब्द त्यालाही कळलेले नसतात, ऐकणाऱ्यांनाही नाहीत. रांगेतली मुलं तोवर चपलेने माती उकरत असतात. हीच पाच मिनिटं दिवसातली सर्वांत आवडती होऊ शकतात. त्यासाठी एक नियम मात्र पाळावा लागतो: बातमी मुलांनी स्वतः पाहिलेली किंवा विचारून आणलेली असली पाहिजे. पेपरातली, मोबाइलवरची बातमी नंतर हवी तर जोडावी. सुरुवात वाड्यावरून करावी.

आधी वेळ आणि माणसं ठरवा

पाच मिनिटं पुरे. तिसरी-चौथीचं मूल माइकसमोर समजेल असं वाचतं तेव्हा मिनिटाला साठ-सत्तर शब्दांपुढे जात नाही. नमस्कार, वार-तारीख आणि निरोप धरून सगळं मिळून अडीचशे शब्दांत बसवायचं. म्हणजे तीन किंवा चार बातम्या, प्रत्येकी चार-पाच वाक्यांच्या.

कामं वाटून द्या: बातमी आणणारे, ती तपासणारे, वाचणारे, हवामान सांगणारा, घड्याळ पाहणारा. चारही वर्ग मिळून पंधरा-वीस मुलं असलेल्या शाळेत हे सोपं जातं, कारण सगळ्यांचीच पाळी लवकर येते. आठवड्याला एक गट असावा आणि प्रत्येक गटात पहिली-दुसरीचं किमान एक मूल असावं. हुशार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दोन-तीन मुलांच्याच हाती माइक राहू देऊ नका. बाकीच्या मुलांसाठी ते वार्तापत्र तिथेच संपतं.

बातमी आणायला शिकवा

खरी मेहनत इथे आहे, म्हणून पहिला आठवडा वाचन ठेवूच नका. मुलांना फक्त विचारा, 'येताना काय पाहिलंस?' सुरुवातीला उत्तर येतं, 'काही नाही.' मग चौथ्या दिवशी एखादी मुलगी म्हणते, 'टीचर, आज आमच्याकडे पोदेर (घरोघरी पाव आणणारा) आला नाही.'

ही बातमी आहे. लगेच फळ्यावर लिहा आणि वर्गाला प्रश्न विचारू द्या. फक्त तुमच्याच घरी आला नाही की अख्ख्या वाड्यावर? रोज किती वाजता येतो? मग लोकांनी सकाळी काय खाल्लं? का आला नाही? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर वर्गात कोणाकडेच नसतं आणि तेच हवं असतं. दुसऱ्या दिवशी ती मुलगी पाववाल्या मामांना थांबवून विचारते आणि बातमी तयार होते:

'नमस्कार. काल आमच्या वाड्यावर पोदेर आला नाही. सात घरांनी सकाळी भाकरी केली, दोन घरांनी बाजारातून पाव आणला. याचं कारण आम्ही पोदेरमामांना विचारलं. ते म्हणाले, "टायर फुटलो, दुसरी सायकल मेळूंक ना." आज ते वेळेवर आले आणि उंडे गरम होते.'

यात काय घडलं, कुठे, कोणावर परिणाम झाला, का, आणि पुढे काय झालं, हे सगळं आलं. पत्रकारितेचा पाठ वेगळा द्यावा लागला नाही. पोदेराचं बोलणं कोंकणीतच ठेवलं, तेही मुद्दाम. आपल्या मुलांची घरची बोली बहुधा कोंकणी आणि शाळेतलं लिहिणं मराठी. निवेदन मराठीत आणि माणसाचं म्हणणं त्याच्याच तोंडच्या शब्दांत, अशी पद्धत ठेवली की मुलं न अडता बोलतात. बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी सुरू केलेलं 'दर्पण' हे पहिलं मराठी वृत्तपत्रसुद्धा मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत निघत होतं. 6 जानेवारीला गावातल्या वार्ताहराला शाळेत बोलावून मुलांना त्यांची मुलाखत घ्यायला लावा. पहाटे घरोघरी पेपर टाकणाऱ्या माणसाला बोलावलंत तर मला जास्त आवडेल. त्यांना गावाची जी माहिती असते ती मुलांच्या उंचीची असते.

तपासणाऱ्या गटाने प्रत्येक बातमीला तीन प्रश्न विचारायचे: तू स्वतः पाहिलंस का? नसेल तर कोणी सांगितलं? आणखी कोणाला विचारलंस? 'सगळे म्हणतात' हे उत्तर चालणार नाही. आठ वर्षांच्या मुलाला ही सवय लागली, की मोबाइलवर पुढे पाठवलेल्या अफवेकडेही ते याच नजरेने पाहतं. चुकीची बातमी गेलीच, तर दुसऱ्या दिवशी 'दुरुस्ती' म्हणून तितक्याच मोठ्या आवाजात वाचावी.

हवामान मोजून सांगा

'आज पाऊस पडण्याची शक्यता आहे' हे जुलैत गोव्यात सांगून काही उपयोग नाही. पाऊस मोजायला लावा. सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली घ्या. तिचा वरचा निमुळता भाग कापून उलटा करून तोंडात बसवा, झालं नरसाळं. बाटलीचा तळ खालून सपाट नसतो, म्हणून आधी थोडे खडे टाका आणि बाजू सरळ होतात तिथपर्यंत पाणी भरा. तिथे शून्याची खूण करा आणि वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. बाटली वाऱ्याने पडू नये म्हणून दोन चिऱ्यांच्या मधे ठेवा. माडाखाली किंवा पागोळ्यांजवळ नको, नाहीतर झावळ्यांवरून गळणारं पाणीही मोजलं जाईल.

रोज ठरलेल्या वेळी वाचन घ्यायचं आणि पाणी पुन्हा शून्याच्या खुणेपर्यंत आणायचं. हवामान खातं सकाळी साडेआठला मागच्या चोवीस तासांचा पाऊस नोंदवतं. शाळेला तीच वेळ जमली तर दुसऱ्या दिवशी पेपरातला आकडा आपल्या आकड्याशी ताडून पाहता येतो. दोन्ही जुळत नाहीत तेव्हा मुलं फार खूश होतात, कारण पणजीतला पाऊस आणि वाळपईतला पाऊस वेगळा असतो हे त्यांनी स्वतः शोधलेलं असतं. चोवीस तासांत 64.5 मिलिमीटरपासून पुढे पाऊस झाला की खातं त्याला मुसळधार म्हणतं, 115.6 पासून अतिमुसळधार. हे दोन आकडे भिंतीवर लावून ठेवा. सोमवारचा आकडा रविवारच्या सुट्टीचा पाऊसही धरून असतो, तो तसाच सांगायला शिकवा. गोव्यात पूर्ण पावसाळ्यात सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. रोजच्या आकड्यांची बेरीज तिथपर्यंत जाते का, हे मुलं सप्टेंबरपर्यंत पाहत राहतात, आणि मोठ्या संख्यांची बेरीजही त्यात होऊन जाते.

किनाऱ्यावरच्या किंवा खाजनाकाठच्या (खाडीलगतच्या, बांध घातलेल्या सखल शेतजमिनीजवळच्या) शाळेने भरती-सुकतीची वेळ सांगावी. ती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. रापणकारांच्या (किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे पकडणाऱ्यांच्या) घरच्या मुलांना हे तोंडपाठ असतं, पण शाळेत त्यांना ते कोणी विचारत नाही. एकदा विचारून पाहा.

लहानग्यांसाठी 'आवाज ओळखा'

पहिलीच्या मुलाला वाचता येत नाही म्हणून त्याला बाहेर ठेवू नका. त्याच्याकडे आवाजाचं काम द्या. शिक्षकांच्या किंवा पालकांच्या मोबाइलवर दहा सेकंदांचा आवाज टिपायचा आणि सकाळी वाजवायचा: पोदेराचा भोंपू, फेरीबोट धक्क्याला लागतानाचा आवाज, कदंबा बसच्या कंडक्टरची शिट्टी, आडोळीवर नारळ किसण्याचा आवाज, आरतीतलं घुमट हे मातीचं वाद्य. उत्तर मधल्या सुट्टीत सांगायचं. दिवसभर मुलं आपसात वाद घालत राहतात.

वाचायची तयारी

कागद माइकजवळ फडफडतो, म्हणून मजकूर जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. श्वास घ्यायचा तिथे लाल उभी रेघ. माइक तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला, म्हणजे 'प', 'फ', 'भ' म्हणताना हवा त्यावर आदळत नाही. बातमी आदल्या दिवशी शाळा सुटण्याआधी एकदा मोठ्याने वाचून घ्यावी. जो शब्द दोनदा अडतो तो बदलून टाका, शब्द सोपा झाला म्हणून बातमीचं काही बिघडत नाही.

एखादं मूल तोतरं बोलतं किंवा लोकांसमोर गप्प होतं. त्याला पुढे ढकलू नका. मित्राबरोबर एकाआड एक वाक्य वाचू द्या, किंवा रिकाम्या वर्गात त्याचा आवाज टिपून सकाळी ऐकवा. आपला आवाज सगळ्यांनी शांतपणे ऐकला हे कळलं की पुढचं पाऊल ते स्वतः टाकतं.

साधनांवर खर्च करायची गरज नाही. शाळेत साउंड बॉक्स असतोच. नसला किंवा पावसात वीज गेली, तर व्हरांड्याच्या पायरीवर उभं राहून वाचावं. व्हिडिओच्या मागे तर सुरुवातीला लागूच नका. कॅमेरा आला की मुलांचं लक्ष बातमीवरून केसांवर जातं. पुढे चित्रीकरण करायचं ठरलं तर पालकांची लेखी परवानगी घ्या आणि चित्रफीत वर्गाच्या पालकांपुरती ठेवा.

काय सांगायचं नाही

मुलं निर्मळ मनाने घरातलं सगळं सांगतात. बाबा पिऊन आले, शेजारी जमिनीवरून भांडण झालं, अमक्याच्या आईला इस्पितळात नेलं. यातलं काहीही माइकवर जाता कामा नये, आणि ही जबाबदारी मुलांवर न टाकता शिक्षकांनी घ्यावी. मूल असं काही सांगू लागलं तर त्याला बाजूला घेऊन नीट ऐकून घ्या. ती गोष्ट कदाचित त्याला कोणालातरी सांगायचीच होती. कोणाचे गुण कमी पडले, कोणाची फी थकली, हेही वर्ज्य.

वर्षभर विषय संपू नयेत म्हणून

गोव्याचं वर्षच बातम्या पुरवतं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा बाजारात कोणते मासे येतात आणि काय भावाने, हे मुलांनी मासेवाल्या मावशींना विचारून यावं. 18 जूनला क्रांतिदिन, 24 जूनला विहिरींत उड्या मारण्याचा सांजाव, मग चवथीच्या माटोळीला (गणपतीच्या वर टांगतात त्या फळांच्या आराशीला) कोणती रानफळं कुठून मिळाली याची यादी. थंडीत मोरजी, आगोंद, गालजीबागच्या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालायला येतात. तिथल्या शाळांना तर महिनाभराची मालिका मिळते.

19 डिसेंबरच्या गोवा मुक्तिदिनासाठी मात्र नोव्हेंबरपासूनच तयारीला लागा. 1961 साली जी मुलं दहा वर्षांची होती ती आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. आजोबा-आजींना 'गोवा मुक्त झाला तेव्हा कसं वाटलं?' असं विचारलं तर ठरावीक उत्तर येतं. 'त्या दिवशी सकाळी तुम्ही कुठे होता? घरात कोण कोण होतं? विमानाचा आवाज ऐकला का? शाळा कधी परत उघडली?' असे छोटे प्रश्न द्या. मुलाखत मोबाइलवर टिपा, त्यातला मिनिटभराचा भाग सकाळी ऐकवा, आणि मूळ ध्वनिफितीवर नाव, गाव, तारीख घालून ती शाळेच्या कॉम्प्युटरवर आणि पेन ड्राइव्हवर दोन्हीकडे ठेवा. पुठ्ठ्यांवरच्या रोजच्या बातम्याही एका वहीत तारखेनिशी उतरवून घ्या आणि ती वही वाचनकोपऱ्यात मुलांच्या हाताला येईल अशी ठेवा.