कोकणातल्या फोटोंत स्वतःचं प्रतीक कसं शोधाल?

होडी, माड, सूर्यास्त. कोकणात कॅमेरा काढला की या गोष्टी समोर हजर असतात, आणि त्यांचा अर्थ पाहणाऱ्याला आधीच पाठ असतो. ज्या वस्तूला तुमच्याच आयुष्यातून अर्थ मिळाला आहे ती हवी असेल, तर किनाऱ्यावर जाण्याआधी फोनची गॅलरी उघडा.

मागच्या दोन-तीन वर्षांचे फोटो भराभर चाळा. चांगला कुठला, वाईट कुठला याकडे लक्ष देऊ नका. पुन्हा पुन्हा काय येतंय तेवढं बघा: विहिरीवरचा रहाट, वाळत घातलेली जाळी, पडवीतला रिकामा बाक. माझ्या फोटोंत कुलपं निघाली, मालवण-वेंगुर्ल्याकडच्या बंद घरांची.

मग कागद घ्या आणि त्या वस्तूपुढे लिहा, हे बघितलं की कोण आठवतं, काय घडलेलं आठवतं. ‘एकाकीपणा’, ‘काळ’ असले शब्द इथे नकोत, माणसं आणि प्रसंग लिहा. माझ्या कागदावर आलं ते असं: पावसाळ्याच्या तोंडावर शेजारची काकी आमच्या आजोळच्या कुलपाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळायची आणि वरून सुतळी आवळायची. खाऱ्या हवेत कुलूप गंजलं, तर गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांनी दार उघडायचं कसं? बाहेरच्याला अशा दारात ओसाडी दिसते. मला त्या सुतळीच्या गाठीत ‘येणार आहेत’ असं ऐकू येतं. इतकं नेमकं काही सापडेपर्यंत लिहीत राहा, घाई करू नका.

अर्थ हाती लागला की कॅमेऱ्याचे बरेच निर्णय आपोआप होतात. मला वाट बघणं दाखवायचं आहे, म्हणून कोळिष्टकं आणि कृष्णधवल रंग बाद. फ्रेम जवळून, गाठीवर. भिजलेला जांभा चिरा गडद लाल दिसतो, पण कॅमेरा गडद दृश्य उजळ करायला बघतो, मग चिरा फिका पडतो आणि पिशवीच्या चुण्या पांढऱ्याफटक होतात. फोनवर गाठीला बोट लावून फोकस करा, उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. श्रावणातला ढगाळ उजेड याला उत्तम.

तुमची वस्तू समुद्राकाठची असेल तर तिथीवर लक्ष ठेवा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढ-उताराची भरती-ओहोटी, आणि भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. पावसाळ्यात झापांनी शाकारून ठेवलेली होडी आणि मासेमारीची बंदी उठल्यावर पाण्यात उतरणारी होडी एकच असली, तरी दोन वेगळ्या गोष्टी सांगते.

एका फोटोने प्रतीक होत नाही. आल्फ्रेड स्टिग्लिट्झ या अमेरिकन छायाचित्रकाराने 1922 पासून अनेक वर्षं ढगांचे फोटो काढले. ते ढग त्याच्या मनातल्या अनुभवांची प्रतिरूपं आहेत, असं तो मानायचा. तुम्हीही त्याच वस्तूकडे वेगवेगळ्या ऋतूंत परत जा आणि शेवटी सात-आठ फोटोच ठेवा. त्यात एक तरी असा असू दे, जिथे अर्थ उलटतो किंवा पुरा होतो. माझ्या मांडणीत तो चतुर्थीच्या आदल्या दिवशीचा आहे: दार सताड उघडं, खुंटीला टांगलेलं कुलूप, जमिनीवर सोडलेली सुतळी. हा एक फोटो नसता तर बाकीचे सगळे ओसाडीचेच वाटले असते.

फोटोखाली ‘प्रतीक्षा’ वगैरे लिहू नका, महिना लिहा. आणि बंद घर कुणाचं तरी असतं. मालकाला फोन करून किंवा वाडीत विचारूनच कॅमेरा काढा, टाकण्याआधी फोटोतलं लोकेशन बंद करा. रिकाम्या घराचा पत्ता जगाला कळायला नको, तालुक्याचं नाव पुरे.