पेटीआधी पोहोचलेली मेल

पुण्यात हापूस घरपोच देणाऱ्या एका छोट्या व्यवसायात मी ईमेलचे काम शिकलो. हंगाम मार्चपासून जेमतेम मेअखेरपर्यंत, आणि एरवी वर्षभर नोंदणी केलेल्या ग्राहकांनी आपल्याला विसरू नये, म्हणून स्वयंचलित मेलमालिका लावण्याचे काम माझ्याकडे आले.

मालिकेची रचना तशी सोपी असते. एखादी घटना घडली की दिवस मोजायला सुरुवात होते आणि ठरलेल्या अंतराने एकेक मेल आपोआप जाते. आमच्याकडे नोंदणी होताच स्वागताची मेल जाई आणि दोन दिवसांनी कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाची माहिती. ऑर्डरनंतर पाचव्या दिवशी मी एक मेल लावली होती: ‘अढी उघडून पाहिलीत का?’ त्या वर्षी अवकाळी पावसामुळे पेट्या आठवडाभर उशिरा निघाल्या. मेल मात्र वेळेवर गेल्या. एका आजींचे उत्तर आले, ‘पेटीच आली नाही, अढी कशाची उघडू?’

मजकुरात काहीच चूक नव्हती. मी दिवस पैसे भरल्यापासून मोजत होतो आणि ग्राहकाची अढी मात्र पेटी हातात पडल्यावर लागते. त्यानंतर ती मेल पेटी पोहोचल्याच्या नोंदीला जोडली. म्हणून नवशिक्यांनी मजकूर लिहिण्याआधी प्रत्येक मेल कोणत्या घटनेवरून निघणार आणि काय घडल्यावर थांबणार, हे कागदावर मांडावे. थांबण्याची अट राहून गेली, तर कालच दोन पेट्या घेतलेल्या माणसाला आज ‘अजून ऑर्डर केली नाहीत?’ असे विचारले जाते. आजींचे उत्तर आमच्यापर्यंत आले, कारण पाठवणाऱ्याचा पत्ता खरा होता. उत्तर न स्वीकारणारा पत्ता मी कधीच वापरणार नाही.

मराठीची एक अडचण इंग्रजी नमुन्यांवरून लक्षात येत नाही. नाव आपोआप भरणाऱ्या रकान्याला थेट प्रत्यय जोडला की ‘Sunitaसाठी’ असे विचित्र रूप तयार होते, कारण लोक नाव रोमन लिपीत, कधी आडनाव आधी, असे कसेही भरतात. मी ‘नमस्कार’नंतर नाव घेऊन पुढे सर्वत्र ‘आपण’ वापरतो. शिवाय देवनागरीचे एकेक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या संगणकात अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेते, म्हणून मराठी मेल लवकर जड होते, आणि जीमेल साधारण १०२ केबीपुढचा मजकूर कापते; नोंदणी रद्द करण्याचा दुवा तळाशी असल्याने नेमका तोच दिसेनासा होतो.

हा दुवा आता केवळ सौजन्याचा भाग राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलच्या खात्यांवर दिवसाला पाच हजारांहून अधिक मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ही मेल खरोखर आपल्याकडूनच गेली हे पटवणारी तिन्ही प्रमाणीकरणे लागतात, प्रचाराच्या मेलमध्ये एका क्लिकवर नोंदणी रद्द करण्याची सोय द्यावी लागते आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. आम्ही दिवसाला पाच हजार मेलच्या जवळपासही नव्हतो, तरी हे सारे पहिल्याच आठवड्यात करून घेतले.

मेल किती जणांनी उघडली, या आकड्यावर मात्र फार विसंबू नये. ॲपलच्या मेल ॲपमध्ये २०२१ पासून गोपनीयतेची जी सोय आली, तिच्यामुळे न वाचलेली मेलही उघडल्यासारखी दिसते. मी क्लिक, उत्तरे आणि ऑर्डरी मोजतो. दोन हंगामांत यांपैकी काहीच न केलेल्यांना जूनमध्ये ‘पुढच्या वर्षी कळवू का?’ एवढेच विचारतो आणि उत्तर न आल्यास नाव काढतो. यादी आखडते म्हणून मालक अजूनही कुरकुरतात.