फेडरल अपिलात ऐकीव पुरावा: या चुका टाळा

अमेरिकेतलं फौजदारी अपील हाती आलं की नवखा वकील आधी निकाल वाचायला घेतो. चूक इथूनच सुरू होते. आधी खटल्याचं ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे कोर्टातल्या बोलण्याची शब्दशः नोंद, उघडा आणि बचावाच्या वकिलाने घेतलेली हरकत शोधा.

समजा, साक्षीत एजंट म्हणतो, ‘दुकानदार मला म्हणाला, माल याच माणसाने आणला.’ दुकानदार कोर्टात आलेलाच नाही. बचावाचा वकील नुसतं ‘हरकत!’ म्हणून खाली बसतो. फेडरल कोर्टांच्या पुरावा नियम १०३ ला हरकत वेळेवर तर हवीच, पण कारण संदर्भावरून उघड नसेल तर तेही नेमकं सांगावं लागतं.

कोर्टाबाहेर कुणी केलेलं विधान, त्यातली गोष्ट खरी आहे हे दाखवायला मांडलं, तर तो ‘ऐकीव पुरावा’. हरकतीत तेवढंच म्हटलं तरी काम निम्मंच होतं. दुकानदाराची उलटतपासणी घेता आली नाही, ही तक्रार अमेरिकी राज्यघटनेच्या सहाव्या दुरुस्तीची, म्हणजे विरोधी साक्षीदाराला सामोरं जाण्याच्या आरोपीच्या हक्काची. सुप्रीम कोर्टाच्या २००४ च्या क्रॉफर्ड निकालापासून तिचा हिशेब वेगळा मांडतात, म्हणून ती वेगळी नोंदवा. नोंदवली असेल आणि पुरावा घेणं चूक ठरलं, तर त्या चुकीने निकालावर परिणाम झाला नाही, हे सरकारला वाजवी संशयापलीकडे दाखवावं लागतं. नोंदवली नसेल तर ‘उघड चूक’ सिद्ध करायचं ओझं आरोपीवर येतं, आणि १९९३ च्या ओलानो निकालातली ती चढण फार थोड्यांना जमते.

दुसऱ्याचं बोलणं दिसलं की ऐकीव, असंही नाही. ‘पोलीस आलेत’ हे ऐकून आरोपी पळाला, एवढंच दाखवायचं असेल तर पोलीस खरंच आले होते का, हा प्रश्नच उरत नाही.

भारतातून शिकायला गेलेले हमखास अडकतात ते कबुलीत. आपल्याकडे पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. तिथे आरोपीचं स्वतःचं बोलणं सरकारने त्याच्याविरुद्ध मांडलं तर ते ऐकीव धरतच नाहीत. तिथली लढाई मिरांडाची, म्हणजे कोठडीतल्या चौकशीआधी पोलिसांनी गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क सांगितला का याची, आणि कबुली स्वेच्छेची होती का याची.

कटातल्या साथीदाराच्या विधानांची मात्र तारीख तपासा. कट चालू असताना, तो पुढे नेण्यासाठी केलेलंच विधान चालतं. अटकेनंतर पोलिसांना दिलेला जबाब सहसा त्यात बसत नाही.

न्यायाधीशांनी तुमचाच पुरावा नाकारला असेल, तर साक्षीदार काय सांगणार होता ते रेकॉर्डवर आलंय का, पाहा. आणि हे सगळं नंतर. निकाल नोंदल्यापासून आरोपीकडे अपिलाच्या नोटिशीसाठी साधारणपणे फक्त १४ दिवस असतात. ती आधी दाखल करा.