स्टँचनच्या पायातून होणारी डेकची गळती: शेवटी कशी थांबली

आमची २६ फुटी फायबरग्लासची शिडाची होडी मुंबई बंदरात असते. डेक धुतला की खालच्या गादीच्या कोपऱ्यात चहाच्या रंगाचं पाणी यायचं, पण डेकला कुठेही भेग नव्हती.

स्टँचनच्या (डेकच्या कडेला सुरक्षा-दोर धरणारा, बोल्टने बसवलेला उभा दांडा) पायाभोवती बाहेरून दोनदा सिलिकॉन फिरवलं, नंतर पॉलियुरेथेन सीलंट. दोन वर्षं यात गेली, अगदी रडकुंडीला आलो. तो चहाचा रंग डेकच्या दोन फायबरग्लास थरांमधल्या हलक्या बाल्सा लाकडाचा होता. पाणी बोल्टच्या भोकातून शिरत होतं.

मग स्टँचन काढलं. जुनं सिलिकॉन ब्लेडने खरवडलं, सँडपेपर मारला, अ‍ॅसिटोनने पुसलं. सिलिकॉनचा अंश राहिला तर त्यावर काहीच चिकटत नाही. ६ मिमीची भोकं वरून १२ मिमी केली, खालचा थर शाबूत ठेवून. ओला बाल्सा कोरून काढला, आठवडाभर सुकू दिलं. खालून टेप लावून कोलॉइडल सिलिका (दाटपणा आणणारी बारीक पूड) घातलेलं घट्ट इपॉक्सी भरलं. दुसऱ्या दिवशी मधोमध पुन्हा ६ मिमीचं भोक पाडून त्याचं तोंड शंकूसारखं रुंद (काउंटरसिंक) केलं. ही खोबण विसरू नका, सील खरं तिथेच बसतं.

त्यात आणि पायाखाली ब्युटाइल टेप, म्हणजे मऊ, चिकट रबरी पट्टी. वरून बोल्ट घट्ट धरायचा, खालून फक्त नट फिरवायचा. बोल्ट फिरला की सील तुटतं. चार दिवस रोज थोडं आवळलं, बाहेर आलेलं ब्युटाइल प्लॅस्टिकच्या पातीने कापलं.

अर्धा तास होजपाइप सोडून ठेवला. गादी कोरडी.